तीन गावे आणि एक सीमारेषा : नॉर्डफ्रीसलांट जिल्ह्याचा इतिहास

जर्मनीच्या उत्तर टोकाला, डेन्मार्कला लागून नॉर्डफ्रीसलांट हा ग्रामीण जिल्हा आहे. हूसुम हे त्याचे मुख्यालय. पश्चिमेस उत्तर समुद्र, बांध घालून समुद्राकडून मिळवलेली सपाट कुरणे आणि झिल्ट, फ्योर, आमरूम, पेलवोर्म ही बेटे, असे त्याचे भूरूप. १६३४ च्या महापुराने श्ट्रांड या मोठ्या बेटाचे तुकडे केले. पेलवोर्म हा त्यांतलाच एक. समुद्राने भूमी तोडली, तशी राजसत्तांनी माणसे विभागली. जर्मन, निम्न-जर्मन, फ्रिसियन आणि डॅनिश या भाषा येथे शतकानुशतके शेजारी नांदत आल्या आहेत.

१८६४ च्या युद्धात डेन्मार्कचा पराभव झाला आणि पुढे हा मुलूख प्रशियात विलीन झाला. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, येथे सार्वमत घेण्यात आले. उत्तर विभागाची मते एकत्रित मोजली गेली. सुमारे ७५ टक्के कौल डेन्मार्कला मिळाला आणि जर्मन बहुमत असलेले टोंडर्न शहरही तिकडे गेले. दक्षिण विभागात मोजणी गाववार झाली. सुमारे ८० टक्के कौल जर्मनीला मिळाला. मात्र फ्योर बेटावरील उटर्सुम, हेडेहुसुम आणि गोटिंग या तीन गावांनी डेन्मार्कला बहुमत दिले. नव्या सीमेशी भौगोलिक सलगता नसल्याने ती जर्मनीतच राहिली. खेडे हा घटक मानावा की संपूर्ण विभाग, या एका निर्णयावर किती जणांचे भवितव्य ठरते, हे सीमाभागातील वाचकास वेगळे सांगणे नलगे.

रेषा कशीही आखली, तरी कोणी ना कोणी पलीकडे उरतोच. त्या उरलेल्यांचे काय, याचे उत्तर १९५५ च्या बॉन-कोपनहेगन घोषणांनी दिले. आपण अल्पसंख्याक समाजाचे आहोत, असे म्हणण्यास प्रत्येक जण मोकळा आहे. सरकारी अधिकाऱ्याने त्याची शहानिशा करू नये, हे तत्त्व दोन्ही देशांनी आपापल्या बाजूस मान्य केले. आज सीमेच्या दक्षिणेस डॅनिश शाळा आहेत, उत्तरेस जर्मन.

१९७० साली तीन जुने जिल्हे एकत्र करून आजचा नॉर्डफ्रीसलांट निर्माण झाला. फ्रिसियन भाषेला मात्र पाठीशी स्वतःचे राष्ट्र नव्हते. तिला कार्यालयांत व नामफलकांवर स्थान देणारा राज्य कायदा २००४ मध्ये झाला. तोवर तिचे भाषक काही हजारांवर आले होते. सीमा निश्चित झाल्याने भाषेचा प्रश्न मिटत नाही. तो हक्कांनी मिटतो, आणि ते हक्क वेळेवर मिळावे लागतात.