खानदेशचा समुद्र

खानदेश आणि समुद्र हीं दोन नांवें एका वाक्यांत आलीं कीं पुष्कळांस तो लेखकाचा प्रमाद वाटतो. सातपुडा, सह्याद्रि आणि अजिंठ्याचे डोंगर ह्यांच्यामध्यें पसरलेलें हें तापीचें खोरें कापसाचें, केळीचें आणि ज्वारीचें. येथील पंक्तीचें नांव निघालें म्हणजे भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि तिच्यावर तरंगणारी तेलाची तर्री हींच डोळ्यांपुढें येतात. मासळी, तीहि समुद्राची, आणि तीहि बहुतेक तेलावांचून भाजलेली, असें ताट जळगांवांत किंवा धुळ्यांत कोणीं मांडलें तर तें कोणत्या देशाचें असा प्रश्न यावयाचाच. आमच्या घरीं तो आला.

डॉक्टरांनीं आम्हांस तेल-तिखट आवरण्याची ताकीद दिल्यामुळें सूनबाईंनीं एके सायंकाळीं सुरमईच्या कापांस आलें, लसूण, कोथिंबीर आणि लिंबू लावलें, रावेरकडील केळीचीं पानें विस्तवावर धरून मऊ केलीं, त्यांत ते काप बांधले आणि ओव्हनांत वीस मिनिटें भाजले. जोडीला भाजीच्या शेवया होत्या. प्रथम त्यांनीं त्या गिलक्यांच्या करून पाहिल्या. पण गिलकें तव्यावर पडतांच पाणी सोडून विरून गेलें. मग दुधी भोपळा लांब तंतूंसारखा कातरला, मीठ लावून पिळला आणि दाण्याच्या कुटांत दोन मिनिटें परतला. तो तंतु तुटला नाहीं. आमचे एक स्नेही जेवावयास होते. ते म्हणाले, "जेवण हलकें आहे, रुचकर आहे, पण आपलें नव्हे." ह्या शेवटच्या तीन शब्दांनीं आम्हांस त्या रात्रीं झोंप येऊं दिली नाहीं.

भाजणें आपलें नव्हे, असें तर आमच्या स्नेह्यांस खचित म्हणावयाचें नसावें. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवून त्यांच्या धगींत वांगीं भाजणें हा जळगांवकडील हिंवाळ्याचा उत्सवच आहे. तेथील भरिताच्या वांग्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर बट्टी भाजतात. तेव्हां परकी ठरली ती मासळी. आणि मासळींतहि तापी-गिरणेची नव्हे, कारण ती भोई पिढ्यान्‌पिढ्या धरीत आले आहेत. परका ठरला तो समुद्र.

परंतु समुद्र खानदेशास इतका दूर कधींच नव्हता. तापी सुरतेजवळ त्यास मिळते, आणि सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा मोगल काळांतील मार्ग नवापूर व नंदुरबार ह्या गांवांवरून जाई. हीं दोन्ही गांवें आज १९९८ सालीं धुळ्यांतून निघालेल्या नंदुरबार जिल्ह्यांत आहेत. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो हा १६१५ सालीं सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला तो ह्याच बाजूनें. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये ह्यानें आपल्या १६७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनांत नवापूरच्या सुवासिक तांदुळाची मोठी स्तुति केली आहे. त्याहून महत्त्वाचें आम्हांस वाटतें तें त्याचें वणजाऱ्यांविषयींचें निवेदन. त्यांच्या चार जमाती असून एक धान्य, एक तांदूळ, एक डाळी आणि चौथी केवळ मीठ वाहते, आणि एकेका तांड्यांत दहा-बारा हजारपर्यंत बैल असतात, असें तो लिहितो. डोंगराआड राहणाऱ्या माणसाच्या ताटांत समुद्र प्रथम आला तो ह्या चौथ्या जमातीच्या गोणींतून. ज्या वाटेनें मीठ आलें त्या वाटेनें सुकी मासळीहि आली असेल, हें आमचें अनुमान आहे. त्यास कोणीं पुरावा म्हणूं नये.

पुढें आगगाडी आली. थळ घाटांतील लोहमार्ग १८६५ च्या आरंभीं खुला झाला, आणि मुंबईचें बंदर खानदेशच्या शेतास जोडलें गेलें. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानें कापसास सोन्याचा भाव आणला होता, त्याच दिवसांतली ही गोष्ट. १९०० सालीं चाळीसगांवाहून धुळ्यासहि फांटा गेला. कापसाच्या गांठी किती उतरल्या, दर काय निघाले, ह्याचे हिशेब विद्वानांनीं पुष्कळ मांडले. आठवड्याच्या बाजारांत कडेला मांडलेली सुक्या बोंबिलाची टोपली मोजावी असें मात्र फारसें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

हा बोंबील मोठा चमत्कारिक मासा आहे. त्याच्या अंगांत सुमारें नऊ-दशांश पाणीच. कोळणी दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंच्या मांडवांवरील दोऱ्यांवर टांगतात. ऊन आणि वारा एवढ्यानेंच काम होतें, बहुधा मीठहि लागत नाहीं. वाळल्यावर उरतो तो इतका हलका कीं एका डोक्यावरच्या टोपलींतून सबंध गांवाची भाजी जावी. इंग्रजींत त्याला 'बॉम्बे डक' म्हणतात. मुंबईच्या डाकगाडींतून तो जाई व तिला त्याचा वास येई म्हणून हें नांव पडलें, अशी कथा आहे. ती मनोरंजक आहे, पण खरी नव्हे. आपल्याकडे पहिली आगगाडी १८५३ सालीं धांवली, आणि तें नांव इंग्रजी लिखाणांत त्याच्या आधींच आढळतें. वासाचा बोभाटा मात्र त्या कथेनें अजरामर केला.

त्या वासाशीं आमचा घरगुती संबंध आहे. आमच्या आत्याबाई सुका बोंबील स्वयंपाकघराच्या चुलीवर कधींच भाजीत नसत. परसांत तीन दगडांवर पऱ्हाट्या पेटवून, निखारे झाले म्हणजे त्यावर बोंबील टाकीत. तो करपण्यापूर्वीं उचलून, झटकून, लसणीच्या चटणीशीं व ज्वारीच्या भाकरीशीं वाढीत. तेलाचा थेंब नाहीं. पाहुणे असले तर तेंहि बंद. कोणीं विचारलें, "आज काय केलें होतें?" तर उत्तर ठरलेलें: "वरण-भाकरी." आम्हीं मुलांनीं हें असत्य इतकें निमूटपणें शिकून घेतलें कीं पुढें आम्हीं खानदेशच्या आहारावर दोन ठिकाणीं व्याख्यानें दिलीं, त्यांत बोंबिलाचें नांवहि घेतलें नाहीं. १८८० सालच्या सरकारी गॅझेटियराच्या खानदेश-खंडांत जातीजातींच्या आहाराचीं टिपणें आहेत. अशीं टिपणें घेणाऱ्यास किती घरांनीं आत्याबाईंचें उत्तर दिलें असेल, ही शंका आम्हांस आतां येते. आम्ही तर कोणी विचारणारा नसतांहि तेंच उत्तर दिलें.

शेवयांची गोष्ट निराळी. त्या लपवाव्या लागत नसत. चैत्र-वैशाखांत बायका एकत्र बसून गव्हाच्या पिठाचे तंतु ओढीत आणि खाटेवर धोतर पसरून वाळवीत. पण ज्या उन्हांत शेवया वाळत, त्याच उन्हांत किनाऱ्यावर बोंबील वाळत असे, आणि पावसाळ्याच्या बेगमीसाठीं दोन्ही एकाच घरांत येत. एक देवघराजवळच्या डब्यांत, दुसरा परसांतल्या मडक्यांत. सूनबाईंच्या ताटांत वाळवण उरलें नव्हतें. मासळी बर्फांतून महामार्गानें मुंबईहून आली होती, शेवया हिरव्या भाजीच्या होत्या, आणि पऱ्हाट्यांच्या जागीं वीज होती. भाजलेली मासळी आणि तंतूंची ताटली मात्र तीच होती. नवें एवढेंच कीं दोन्ही एका ताटांत, पाहुण्यासमोर वाढलीं गेलीं.

हें सर्व आम्हीं त्या स्नेह्यांस दुसऱ्या दिवशीं पत्रानें कळविलें. त्यांचें उत्तर दोन ओळींचें आलें. त्यांच्या आजीच्या परसांतहि तीन दगड होते, आणि त्यांवर काय भाजीत असत तें त्यांस आजवर कोणीं विचारलें नव्हतें. पुढच्या मंगळवारीं धुळ्यास येतों म्हणाले. बोंबील आम्हीं आणून ठेवावा.