तुपाय: खारही नव्हे, चिचुंद्रीही नव्हे

'तुपाय' हा शब्द मराठी कानावर पडला की आधी तूप आठवते. पण तुपाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. हा मलय भाषेतला शब्द आहे. तिकडे उच्चार 'तुपाइ', आणि अर्थ खार. मलाया, सुमात्रा, बोर्निओ इथल्या रानांत खारीएवढा, झुपकेदार शेपटीचा, झाडाझुडपांतून सरसर पळणारा एक प्राणी आहे. मलय माणसाने खारीला तुपाइ म्हटले आणि यालाही तुपाइच म्हटले. जवळून पाहिले तर याचे तोंड लांब आणि निमुळते असते, खारीसारख्या लांब मिशा नसतात, आणि दात किडे-फळे खाणाऱ्याचे असतात, कुरतडणाऱ्याचे नव्हेत. पण रानात पाऊल वाजताच पसार होणाऱ्या प्राण्याचे दात कोण मोजत बसणार? शेपटी दिसली, नाव पडले.

दिसण्यावरून नाव पडले, यात मलय माणूस एकटा नाही. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीवर विल्यम एलिस नावाचा शल्यवैद्य होता. 1780 साली आजच्या व्हिएतनामजवळच्या एका बेटावर त्याने या प्राण्याचे चित्र काढले आणि त्यालाही ती खारच वाटली. 1820 साली दियार या फ्रेंच निसर्गवैज्ञानिकाने त्याला 'सोरेक्स ग्लिस' म्हटले. लॅटिनमध्ये सोरेक्स म्हणजे चिचुंद्री, आणि ग्लिस म्हणजे युरोपातला खारीसारखा दिसणारा एक झोपाळू कृंतक. पुढच्याच वर्षी स्टॅम्फर्ड रॅफल्सने मलय शब्द उचलून 'तुपाया' ही प्रजाती मांडली. दियारच्या जातीचे नाव आज 'तुपाया ग्लिस' आहे. एका नावात दोन परके प्राणी, आणि दोन्ही चुकीचे!

इंग्रजीने याला 'ट्रीश्रू' म्हणजे झाडावरची चिचुंद्री केले. चिचुंद्रीच्या नावाची गोष्टही अशीच आहे. संस्कृत 'छुच्छुन्दरी' हा शब्द फार जुना. सुगंधी द्रव्य चोरणाऱ्याला चिचुंद्रीचा जन्म मिळतो, असे मनुस्मृतीत म्हटले आहे. तिच्या अंगाच्या उग्र वासाची ती आठवण. पण आपण घरात तिला सहज 'उंदीर' म्हणून टाकतो, आणि लिनीअसनेही 1766 साली तिच्या नावात 'मुरिनस' म्हणजे 'उंदरासारखी' असे विशेषण घातले. ती उंदरांच्या गणातली नाही. किडे खाणाऱ्यांतली आहे. म्हणजे जी स्वतः उंदीर नव्हे तिचे नाव, जो चिचुंद्री नव्हे त्याला दिले गेले.

भारतातही या कुळातला एक प्राणी आहे. गंगेच्या दक्षिणेला, सातपुडा आणि पूर्व घाटाच्या डोंगरांत तो राहतो. मद्रास इलाख्यातल्या वॉल्टर एलियट या अधिकाऱ्याचे नाव त्याच्या जातीला मिळाले, आणि 1913 साली मार्कस लायनने त्याला 'अनाथना' ही स्वतंत्र प्रजाती दिली. मराठीत वाचले तर अनाथच वाटेल. खरे म्हणजे हा तमिळ शब्द आहे. 'मूंगिल अणत्तान' म्हणजे बांबूतली खार. पुन्हा खारच!

व्युत्पत्तीच्या अभ्यासात पहिला धडा हाच असतो: कानाला सारखे लागते ते नात्याचे नसते. तुपाय आणि तूप, अनाथना आणि अनाथ ही केवळ ध्वनीची गाठभेट. उलट खरे नाते लपून राहते. या प्राण्यांच्या गणाचे शास्त्रीय नाव 'स्कॅन्डेन्शिया'. ते लॅटिन 'स्कान्देरे' म्हणजे चढणे यावरून आले, आणि तो धातू संस्कृत 'स्कन्द्' म्हणजे उडी मारणे याचा सख्खा भाऊ आहे. आपल्या स्कंदाचे नाव त्याच धातूचे. हे नाते कानाने कळत नाही. दोन्ही भाषांतले धातू मागे नेत गेले तरच हाती लागते.

प्राण्यांच्या बाबतीत असे मागे नेण्याचे काम आज डीएनए करतो, आणि त्याचा दस्तऐवज संग्रहालयांच्या खणांत पडून आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी सोलून, पेंढा भरून, कीड लागू नये म्हणून सोमलाचा लेप दिलेली कातडी. तिला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. तिच्यावर गाव, तारीख आणि पकडणाऱ्याचे नाव. पायाच्या तळव्याचा कणभर तुकडा किंवा कवटीच्या आत सुकून चिकटलेले मांस पुरते. जुन्या डीएनएचे तुकडे तुकडे झालेले असतात आणि त्यातली काही अक्षरे रासायनिक बदलाने पुसट होऊन भलतीच वाचली जातात. म्हणून काम स्वतंत्र, स्वच्छ प्रयोगशाळेत चालते आणि तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचून पडताळतात. पेशीतल्या तंतुकणिकांच्या डीएनएच्या प्रती शेकड्यांनी असतात, त्यामुळे तो हाती लागण्याची शक्यता जास्त. ही वाट 1984 साली उघडली. नामशेष झालेल्या क्वागाच्या संग्रहालयातल्या कातडीतून तेव्हा डीएनएची अवघी 229 अक्षरे वाचता आली, आणि तेवढ्यावर तो झेब्र्याचा जवळचा नातलग ठरला.

तुपायांच्या कुळात याच वाटेने एक नाव मिटले. फिलिपिन्समधल्या मिंडानाओ बेटावरच्या तुपायाचे 1892 साली ओल्डफील्ड थॉमसने 'तुपाया एव्हरेटी' असे नाव ठेवले होते. त्याचे लांब तोंड, मोठे पटाशीचे दात आणि झुपका नसलेली गोल शेपटी पाहून त्याला नंतर 'युरोगेल' या वेगळ्या प्रजातीत नेले गेले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ शेपटीवाला 'गाले', आणि गाले म्हणजे मुंगसासारख्या लांबोळक्या बांध्याचा छोटा शिकारी. डीएनए वाचल्यावर 2011 साली दिसले की हा प्राणी तुपायांच्या झाडाच्या बाहेर नाही, आतल्याच एका फांदीवर आहे. तो पुन्हा 'तुपाया एव्हरेटी' झाला. रूप वेगळे, रक्त तेच.

आता या साऱ्यामागचे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. शास्त्रात सजीवाच्या मूळ एककाला लॅटिन शब्द आहे 'स्पीशीज'. तो 'स्पेकेरे' म्हणजे पाहणे या धातूचा. त्याचा मूळ अर्थ दिसणे, रूप. संस्कृतात त्याचा भाऊबंद 'स्पश्', पाहणे. त्यावरूनच 'स्पश' म्हणजे हेर. मराठीत आपण त्याच एककाला 'जाती' म्हणतो, आणि जाती 'जन्' म्हणजे जन्मणे या धातूची. 'प्रजाती' त्याच धातूची, 'जनुक' त्याच धातूचे; लॅटिन 'जीनस' आणि 1909 साली योहानसेनने रूढ केलेला 'जीन' हे शब्दही त्याच मुळाचे. लॅटिन शब्द डोळ्याची साक्ष मागतो, आपला शब्द जन्माची.

समाजात याच शब्दाने माणसामाणसांत भिंती उभ्या केल्या, हे विसरून मला तो उच्चारता येत नाही. पण शास्त्रातल्या जातीचा अर्थ नेमका त्याच्या उलट साक्ष देतो: जन्माचा लेख वाचला तर सगळी माणसे एकाच जातीची निघतात.

तुपाय हे नाव मात्र बदलणार नाही. अर्थ चुकला म्हणून शास्त्रीय नाव रद्द करता येत नाही, असा नियमच आहे, आणि मला तो मोलाचा वाटतो. नात्याचा हिशेब डीएनएने खुशाल पुन्हा मांडावा. पण एका मलय माणसाने रानाकडे मान वळवली, फांदीवरून काहीतरी सर्रकन गेले आणि त्याच्या तोंडून 'खार!' निघाले, त्या क्षणाची नोंद कोणत्याही पेशीत सापडणार नाही. ती त्या शब्दातच जपलेली आहे.