एरफुर्टचा टॉमस
(तेराव्या शतकाची अखेर ते चौदाव्या शतकाचा पूर्वार्ध). मध्ययुगीन यूरोपातील व्याकरण-तत्त्वज्ञ आणि सु. १३००–१३१० च्या दरम्यान लॅटिनमध्ये रचलेल्या ‘ग्रामातिका स्पेक्युलातिवा’ (सैद्धांतिक व्याकरण) या ग्रंथाचा कर्ता. जर्मनीतील एरफुर्ट येथील सेंट सेव्हेरस व सेंट याकोब या चर्चच्या शाळांत तो अध्यापन करीत असे. पॉर्फिरीच्या ‘इसागोगे’वरील आणि ॲरिस्टॉटलच्या तर्कग्रंथांवरील काही टीका, तसेच मुलांसाठी रचलेले ‘फुंदामेंतुम पुएरोरुम’ हे प्राथमिक व्याकरण त्याच्या नावावर आहे.

पॅरिसमध्ये सु. १२६० पासून बहरलेल्या ‘मोदिस्ते’ पंथाचा तो अखेरच्या पिढीतला आणि सर्वांत नेटका मांडणीकार होय. शब्द कशाचा बोध करतो, यापेक्षा तो कोणत्या रीतीने करतो हे या पंथीयांना महत्त्वाचे वाटे. त्यांच्या मते वस्तूच्या असण्याच्या रीती बुद्धीत उतरतात आणि तिथून शब्दांत येतात. ‘वेदना’, ‘दुखते’ आणि ‘आई गं!’ यांत अनुभव एकच. पण नाम त्याला स्थिर वस्तूसारखे दाखवते, क्रियापद घडत असलेले दाखवते आणि उद्गार मनाला झालेला स्पर्श तेवढा कळवतो.

टॉमसचे खरे कसब वाक्यविचारात दिसते. पदांची जुळणी, त्या जुळणीची व्याकरणशुद्धता आणि वाक्यार्थाची पूर्तता अशा तीन पायऱ्या तो वेगळ्या ठेवतो. त्याच्या उदाहरणात ‘काळा झगा’ शुद्ध आणि उचितही आहे. ‘निरुपाधिक झगा’ अनुचित आहे, तरी शुद्धच. तर्कशास्त्रातील विशेषण झग्याला लावणे हास्यास्पद असेल, पण तो व्याकरणाचा गुन्हा नव्हे. ‘विस्तवाने शिंपतो’ या वाक्यात योग्यता (अर्थांचा परस्पर मेळ) नाही, म्हणून त्यातून शाब्दबोधच (वाक्यार्थाचे ज्ञान) होत नाही, असे आपले नैयायिक मानतात. टॉमस तसल्या वाक्याला व्याकरणाच्या दारातून आत घेतो आणि पुढचा निवाडा दुसऱ्यांवर सोडतो. अस्तित्वाच्या रीतींचा त्याने उभारलेला डोलारा आज टिकण्यासारखा नाही. शुद्ध आणि उचित यांतला हा लहानसा भेद मात्र टिकला. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९५७ मध्ये रंगहीन हिरव्या कल्पनांचे प्रसिद्ध वाक्य निरर्थक पण व्याकरणशुद्ध म्हणून मांडले, तेही याच वाटेवरचे.

मोदिस्तेंच्या रीतींच्या सिद्धांतावर हल्ला झाला तो खुद्द एरफुर्टमध्ये. अर्थ बुद्धीच्या व्यापारात असतो, शब्दाला चिकटलेल्या ‘रीती’ मानण्याची गरजच नाही, असे योहानेस आउरिफाबेर याने १३३० च्या दशकात प्रतिपादले.

टॉमसचा ग्रंथ गाजला तो दुसऱ्याच्या नावावर. त्याचे कर्तृत्व तत्त्वज्ञ डन्स स्कोटस (मृ. १३०८) याच्याकडे गेले आणि १६३९ मध्ये ल्यूक वॉडिंगने स्कोटसच्या समग्र ग्रंथांतच तो छापला. अमेरिकन तत्त्ववेत्ता पर्स याने ‘सैद्धांतिक व्याकरण’ ही संज्ञा स्कोटसची समजून उचलली. जर्मन तत्त्ववेत्ता मार्टिन हायडेगर याने अध्यापनाच्या पात्रतेसाठी १९१५ मध्ये सादर केलेल्या प्रबंधाचा अर्थविचारही याच ग्रंथावर बेतलेला आहे. मार्टिन ग्राबमानने १९२२ मध्ये हस्तलिखितांच्या आधारे खरा कर्ता टॉमस असल्याचे दाखवून दिले. १९७२ मध्ये बर्सिल-हॉलने काढलेल्या लॅटिन-इंग्रजी आवृत्तीवर टॉमसचेच नाव आहे. १९१६ मध्ये छापल्या गेलेल्या हायडेगरच्या प्रबंधाच्या शीर्षकात स्कोटस अजून कायम आहे.