उपद्रव, भ्रमणध्वनी-जाळ्यांचा : आपत्कालीन बिनतारी यंत्रणेतील

पोलीस, अग्निशमन दल व रुग्णवाहिका यांच्या बिनतारी संभाषणात भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांवरील प्रक्षेपणामुळे येणारा व्यत्यय. दोन्ही पक्ष आपापल्या परवान्यातील कंप्रतेवर इमानेइतबारे चालत असतानाही हा उपद्रव घडतो, त्यामुळे कायद्याला गुन्हेगार सापडत नाही. दूरच्या पुनःक्षेपकाकडून (रिपीटरकडून) आलेली क्षीण लहर आणि शेजारच्या गच्चीवरील मनोऱ्याची प्रबळ लहर वॉकी-टॉकीत एकाच वेळी शिरली, म्हणजे संचातील ग्राहक (रिसीव्हर) दिपून जातो व क्षीण लहर त्यास ओळखू येत नाही. याहून कपटी प्रकार मिश्रणाचा : मनोऱ्याच्या ८७० व ८८५ मेगाहर्ट्‌झच्या लहरी ग्राहकात मिसळल्या, की ८७०च्या दुपटीतून ८८५ वजा होऊन ८५५ मेगाहर्ट्‌झची तिसरीच लहर उपजते आणि ती ८५१ ते ८६९ या, ट्रंक-रेडिओस (वाहिन्या वाटून वापरणाऱ्या बिनतारी यंत्रणेस) नेमून दिलेल्या पट्ट्यात येऊन ठाण मांडते.

या विषयातील सर्वांत गाजलेले प्रकरण अमेरिकेतील. नेक्स्टेल या भ्रमणध्वनी कंपनीच्या वाहिन्या तेथे पोलिसांच्या वाहिन्यांत गुंफलेल्या होत्या; तक्रारी वाढल्यावर २००४ साली संघीय दळणवळण आयोगाने पट्ट्याची फेरवाटणी फर्मावली आणि तीन वर्षांत उरकावयाचे ते काम दीड दशकाहून अधिक रेंगाळले.

भारतात १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याची सक्ती आली, तर कंप्रतांच्या वाटपाचा कारभार १९५२ पासून केंद्राच्या वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विभागाकडे आहे. पोलिसांचा परंपरागत व्हीएचएफ पट्टा भ्रमणध्वनीपासून पुष्कळ दूर असल्याने तुलनेने निर्धास्त. धोका मुख्यतः ८०० मेगाहर्ट्‌झच्या शेजारात.

पुण्यालगतच्या कात्रज घाटासारख्या स्थळी या उपद्रवाचे निदान अवघड होते. घाटाच्या डोंगरांआड आणि जुन्या-नव्या बोगद्यांत लहरींची छाया पडते, पायथ्याशी दाट वस्तीमुळे मनोरे जवळजवळ असतात, आणि छाया व उपद्रव या दोन्ही व्याधींचे लक्षण एकच : समोरचा ऐकू येत नाही. मनोऱ्यापासून शंभर पावले दूर जाताच आवाज स्वच्छ झाला तर उपद्रवाचा संशय घ्यावा. उघड्या माथ्यावर चढल्यावरच झाला तर छायेचा. जुन्या संचात खरखर वाढून इशारा तरी मिळतो. अंकीय संच मात्र दोन-चार शब्द गिळून एकाएकी मुका होतो. इतक्या लगतच्या पट्ट्यास थोपविणारी प्रभावी गाळणी हाती धरावयाच्या संचात मावणे कठीण, म्हणून जवळच्या माथ्यावर पुनःक्षेपक वाढवून मूळ लहरच बळकट करणे हा उपाय श्रेयस्कर ठरतो. तो खर्चिक खरा, परंतु उघड्यावरील दोन्ही व्याधींवर लागू पडतो; बोगद्याच्या पोटात मात्र लहरी पाझरविणारी स्वतंत्र तार टाकावीच लागते.