एनसीपीएचा संगीत सीझन : तिथे काय ऐकायला मिळतं, उपनगरातून कसं जायचं?

मुंबई : गावाकडची माणसं मुंबईत नातेवाइकांकडे उतरतात ती बहुतेक वेळा अंधेरी, बोरिवली, घाटकोपर नाहीतर मुलुंडला. संध्याकाळी नाटक किंवा गाणं ऐकायचं म्हटलं की बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास, पार्ल्याचं दीनानाथ ही नाट्यगृहं जवळची. पण मोठा ऑर्केस्ट्रा आणि जॅझ ऐकायचा असेल तर लोकलने दक्षिण मुंबईत, नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत जावं लागतं.

एनसीपीए म्हणजे काय?

नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये ही संस्था सुरू झाली. समुद्राला लागून असलेल्या आवारात पाच नाट्यगृहं आहेत. त्यातलं टाटा थिएटर १९८० मध्ये, तर जमशेद भाभा थिएटर १९९९ मध्ये सुरू झालं.

सीझन कधी असतो?

शेतात खरीप-रब्बी, तसा इथेही हंगाम असतो. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद २००६ मध्ये इथेच उभा राहिला. त्याचे मुख्य कार्यक्रम साधारणपणे फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास होतात. आंतरराष्ट्रीय जॅझ महोत्सव बहुधा नोव्हेंबरमध्ये असतो. हिंदुस्थानी गायन-वादनाच्या मैफली वर्षभर सुरू असतात. नक्की तारखा संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात.

जॅझचा आपल्याशी काय संबंध?

जॅझ अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी घडवलं. ठरलेली चाल धरून कलाकार ऐन वेळी सुचेल तसं वाजवत जातो. आपला गवई बंदिश धरून आलाप-ताना घेतो, तसंच काहीसं.

हे संगीत मुंबईत रुजवलं त्यात गोव्याच्या खेड्यांतून आलेल्या वादकांचा मोठा वाटा आहे. गावच्या चर्चच्या शाळेत ते नोटेशन शिकले. मुंबईत रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वादन, असा त्यांचा दिनक्रम. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यातलेच. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात त्यांचा बँड दिसतो. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले.

लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन वाजवणारी पोरं आजही तालुक्या-तालुक्यात आहेत. आपलं वाद्य कुठवर जाऊ शकतं, हे त्यांना अशा कार्यक्रमात समोर बसून ऐकता येतं.

टाळ्या कधी वाजवायच्या?

- ऑर्केस्ट्रा : एक रचना तीन-चार भागांची असते. मधे शांतता झाली तरी थांबा. सगळे भाग संपल्यावर टाळ्या.
- जॅझ : एखाद्याचं एकट्याचं वादन संपलं की लगेच टाळ्या चालतात.
- हिंदुस्थानी मैफल : समेला दाद द्या, नेहमीसारखी.

कसं जायचं?

- अंधेरी, बोरिवली : पश्चिम रेल्वेने चर्चगेट. पुढे टॅक्सी, बस किंवा साधारण २५ मिनिटं पायी.
- घाटकोपर, मुलुंड : मध्य रेल्वेने सीएसएमटी. तिथून टॅक्सी किंवा बस.
- मेट्रो : घाटकोपर किंवा अंधेरीहून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथून मेट्रो ३ ने विधान भवन स्थानक. तिथून एनसीपीए जवळ आहे.

जाण्यापूर्वी हे पाहा

- तिकीट ऑनलाइन किंवा तिथल्या खिडकीवर मिळतं. दर जागेनुसार बदलतात. मागच्या रांगा स्वस्त. काही कार्यक्रम मोफतही असतात.
- लहान मुलांना प्रवेश आहे का, हे बुकिंगआधीच वाचा.
- अर्धा तास आधी पोहोचा. कार्यक्रम सुरू झाल्यावर मधेच आत सोडतील याची खात्री नसते.
- मोबाइल बंद ठेवा. रेकॉर्डिंग करू नका.
- परतीच्या लोकलची वेळ आधीच बघून ठेवा. रात्री उशिरा गाड्या कमी होतात आणि मेट्रो त्याआधीच बंद होते.