जामखेडने दिलेला धडा

गणेशोत्सवात आपण आरोग्य शिबिर भरवतो. डॉक्टर येतात, तपासतात, जातात. पुढे वर्षभर काय? हाच प्रश्न १९७० साली नगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यापुढे होता. मुलूख दुष्काळी, शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी, असे ठरले. बहुतेक जणी निरक्षर, कित्येक दलित. जामखेडला येऊन त्या स्वच्छ बाळंतपण, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी, मुलांचे वजन हे सारे शिकत आणि गावात शिकवत. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांच्याच हाती गावाने बाळ-बाळंतीण सोपवली.

१९७८ च्या आल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेत लोकसहभागाचा पुरस्कार केला. पुढच्याच वर्षी आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून ‘आशा’ गावोगाव फिरू लागल्या. मात्र सरकारदरबारी त्या अजून स्वयंसेविकाच; त्यांना मिळते ते मानधन, पगार नव्हे. केवळ काम गावाकडे सोपवणे म्हणजे विकेंद्रीकरण नव्हे. त्याबरोबर ज्ञान, निर्णय आणि मोबदलाही गावापर्यंत पोहोचावा लागतो. यंदाच्या शिबिरात वस्तीतल्या आशाताईंना आपण केवळ सत्काराला नव्हे, तर शिबिर आखायलाच बोलावू या.