पडद्यापलीकडील परीक्षक

इंग्रजीच्या शिक्षकाची मुलाखत म्हटली कीं व्याकरणाचे प्रश्न आणि प्रमाणपत्रांची तपासणी डोळ्यांपुढें येते. चीनमधील कंपन्यांनीं ही जुनी रीत बाजूस सारली. 2013 सालीं बीजिंग येथें स्थापन झालेल्या 'व्हीआयपीकिड' कंपनीचा व्यवसाय असा होता, कीं 4 ते 12 वर्षांच्या चिनी मुलाला अमेरिकेंत बसलेल्या शिक्षकानें इंटरनेटवरून 25 मिनिटें इंग्रजी शिकवावें.

उमेदवार पदवीधर असावा आणि अमेरिकेंत किंवा कॅनडांत नोकरी करण्यास पात्र असावा, या मुख्य अटी. पदवी कोणत्याही विषयाची चाले. म्हणजे पुण्यांत जन्मभर इंग्रजी शिकविलेल्या प्राध्यापकाला जें दार बंद, तें ओहायओमधील वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला खुलें! हा न्याय भाषेचा नव्हे, बाजाराचा होता. पालकांना जो उच्चार हवा होता, तोच कंपनी विकीत होती.

मुलाखतीचा गाभा म्हणजे सुमारें 10 मिनिटांचा नमुना-पाठ. पलीकडील परीक्षक स्वतःच लहान मूल होऊन बसे. तो मुद्दाम अर्धवट उत्तर देई, चुकीचें बोले आणि उमेदवार ती चूक कशी सुधारतो हें पाही. लांबलचक स्पष्टीकरण येथें कामाचें नसे. कानामागें हात नेऊन 'आतां तूं म्हण' असें सुचवावें, बाहुली नाचवावी, छोट्या फळ्यावर अक्षर काढून दाखवावें, आणि हें सर्व हसतमुखानें. भाषेचें ज्ञान असूनही ज्याला अभिनय साधत नसे, त्याची येथें पंचाईतच. या अभिनयाला शास्त्राचा आधार होता. शब्द ऐकतांच शरीरानें कृति केली कीं भाषा लवकर मुरते, ही पद्धति अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनीं 1960 नंतरच्या दशकांत मांडली. अॅशर यांना हालचाल अभिप्रेत होती ती विद्यार्थ्याची. पडद्यावर ती बहुतांशीं शिक्षकाच्याच वांट्याला आली.

निवड झालेल्यांत शाळांतील शिक्षक पुष्कळ. तुटपुंज्या पगाराला हा जोड होता. बीजिंगला संध्याकाळचे 7 वाजत, तेव्हां हिवाळ्यांत कॅलिफोर्नियांत पहांटेचे 3 वाजलेले असत. 2011 सालीं निघालेल्या 'फिफ्टीवन टॉक' कंपनीनें मात्र कमी खर्चाच्या फिलिपिनी शिक्षकांवर भर दिला.

24 जुलै 2021 रोजीं चीन सरकारची शिकवण्यांवरील नियमावली जाहीर झाली. मुलांवरील अभ्यासाचा भार आणि पालकांचा खर्च कमी करावा, हा तिचा घोषित हेतु. परदेशांत राहणाऱ्या परकी व्यक्तींना या कामावर नेमण्यास तिनें मनाई केली. ज्या वास्तव्यामुळें नोकरी मिळाली होती, त्याच वास्तव्यामुळें ती गेली. ऑगस्टमध्यें व्हीआयपीकिडनें चीनमधील मुलांसाठीं परदेशस्थ शिक्षकांच्या नव्या पाठांची विक्री थांबविली. फिफ्टीवन टॉकनें 2022 सालीं चीनमधील व्यवसाय सोडला आणि इतर देशांतील मुलांकडे मोर्चा वळविला. शिकविणारे फिलिपिनी शिक्षकच राहिले.